ओढ्यावरचा क्लेम

दाजी माझ्या पाठीवर होते. तिथूनच कानाशी तोंड आणून म्हणाले, “हिंदुराव, ओढ्यापलीकडं बघ. टोपी दिसतीय. एका बाजूनं दुमडलेली. जपान्याची अशी नसते.”

“तुम्ही गप्प राहा,” मी म्हणालो. “टोपीखाली कोण आहे ते आधी बघू द्या.”

तीन दिवस मी त्यांना पाठंगुळी घेऊन चाललो होतो. माणूस कसला, हाडांचं गाठोडं. पाय तेवढे सुजून खांबासारखे झालेले. न्यू गिनी बेटावरचं ते रान म्हणजे सगळा चिखल आणि जळवा. आम्हा दोघांना सिंगापुरात पकडलं ते बेचाळीस साली, एकाच कंपनीत होतो. तिथून जपान्यांनी बोटीत कोंबून या बेटावर आणलं आणि पोती वाहायला लावलं. आमच्यातले सत्तर आले होते, त्यातले अकरा उरले होते. ज्याच्यानं काम होईना त्याला खायला मिळत नसे, आणि दाजींचे पाय सुजल्यावर मी ओळखलं की आता थांबलो तर हे जातात, म्हणून त्यांना पाठीवर घेऊन पळालो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बयाजी शेलार. माणूस भोळा. भरती होऊन निघालो तेव्हा आक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “यांना तुझ्या हवाली केलंय. एकटा परत येऊ नकोस.” माझं वय तेव्हा वीस. मी हसलो होतो.

तर ती टोपी. मी ओरडलो, “इंडियन! इंडियन आर्मी!” पलीकडून बंदुकीचा खटका वाजला आणि हुकूम आला तो मला कळला, हात वर. आता हात वर करावेत तर दाजी पडतात. एक हात वर केला, दुसऱ्यानं त्यांना धरलं. मग तोही हात दुखायला लागला म्हणून बदलला. पलीकडचा माणूस हसायला लागला. खरंच हसला तो. बंदूक पाठीला लावून कमरेएवढ्या पाण्यातून सरळ आमच्याकडं आला, काही न विचारता दाजींना माझ्या पाठीवरून उचललं, खांद्यावर टाकलं आणि परत पाण्यात शिरला. मी मागनं चाललो. अंगावरचं ओझं गेलं आणि ओढ्याच्या मधोमध मी बसकण मारली. तो पुन्हा आला, या खेपेला माझ्यासाठी.

तोच क्लेम. ऑस्ट्रेलियाच्या पायदळातला साधा शिपाई. वय तिशीच्या आतबाहेर, नाकाची साल निघालेली, पुढचा एक दात नाही. फीत नाही, पट्टा नाही, आयुष्यात कुणाला हुकूम सोडलेला नाही. त्या दिवसापासून तो तीनच दिवस जगला.

त्यांची चौकी ओढ्यालगत होती. आठ माणसं आणि त्यांचा म्होरक्या कार्पोरल टेट. टेट उंच, चेहऱ्यानं कडक, पण माणूस वाईट नव्हता. दाजींना न्यायला खालून स्ट्रेचर आणि ओझेकरी यायचे होते, त्याला तीन दिवस लागणार होते. तोवर आम्ही क्लेमच्या गळ्यात.

पहिल्या दिवशी त्यानं डबा फोडून पुढं केला. दाजींनी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

“गाईचं दिसतंय,” दाजी म्हणाले.

“दाजी, दोन वर्षं आपण बेडूक खाल्ले.”

“बेडकाचं कुणी व्रत सांगितलंय? मला नको.”

क्लेम आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत होता. मी डोक्यावर दोन बोटं धरून शिंगं केली, हंबरलो आणि हात जोडले. त्याला कळलं. तो उठला, सगळ्या चौकीत फिरला, आपल्या वाट्याच्या सिगारेटी देऊन तीन डबे घेऊन आला आणि आमच्यासमोर उकिडवा बसून मेंढरासारखा ओरडला. काय ओरडला म्हणता! आमच्या डोंगरातल्या धनगरानंही मान डोलावली असती. दाजींना हसू आवरेना. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग कळलं की त्याचा धंदाच तो. गावोगाव फिरून मेंढरं कातरायची. दिवसाला दीडशे मेंढरं कातरतो म्हणाला, बोटांनी मोजून दाखवलं. मी दाजींना म्हणालो, “हा गोरा आपल्याकडचा धनगर निघाला.” त्या दिवसापासून आम्ही दोघं आपसात त्याला धनगरच म्हणायचो. तो दाजींना ‘डॅडी’ म्हणायचा. मी ‘दाजी’ म्हणतो ते त्यानं तसं ऐकलं, आणि दाजी दिसतही होते साठीचे. ते माझे वडील आहेत असंच त्याला वाटत होतं. मी समजावायला गेलो तर बहीण, नवरा, हे हातवाऱ्यांनी सांगता सांगता मीच घामाघूम झालो. शेवटी दाजी म्हणाले, “असू दे की. मी काय तेवढ्यानं म्हातारा होत नाही.”

माझं इंग्रजी म्हणजे कवायतीचं. लेफ्ट, राइट, यस सर, कम, गो, टुडे, टुमारो. एवढ्या भांडवलावर आम्ही तीन दिवस बोलत होतो. त्यानं मला आईचा फोटो दाखवला. पत्र्याच्या घरापुढं उभी असलेली जाडजूड बाई, उन्हानं डोळे बारीक केलेले. “मदर,” तो म्हणाला. बाप नव्हता, भाऊ नव्हता, लग्न नव्हतं. मी चिखलात काडीनं आमचं घर काढून दाखवलं, पुढं डोंगर, मागं डोंगर. त्यानं डोंगराच्या पोटावर चारदोन मेंढरं काढली. दाजींना तो चमच्यानं भरवायचा, आणि दाजी नको म्हणाले की मेंढरासारखा ओरडायचा. मग दाजी मुकाट्यानं तोंड उघडायचे.

टेटला माझ्याकडून जपान्यांच्या वाटा हव्या होत्या, त्या मी जमिनीवर काढून दाखवल्या. जपानी कुठं पाणी भरतात, कुठं राहतात, सगळं. त्यानं ते कागदावर उतरवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओझेकरी आले. त्या बेटावरचीच डोंगरी माणसं, अंगानं पिळदार. त्यांनी दाजींना स्ट्रेचरवर घेतलं. खालच्या इस्पितळात जायला चार तास लागणार होते. क्लेम ओढ्याशी पहाऱ्यावर होता. माणसानं जीव वाचवलेला, तेव्हा त्याचा निरोप न घेता कसं निघायचं? मी खाली गेलो.

त्यानं आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी मला पाजलं. मी त्याचा हात हातात घेतला. जे आपसूक तोंडात आलं तेच त्याच्या भाषेत करून मी म्हणालो, “क्लेम, आय कम.”

तो म्हणाला, “टुडे?”

मी म्हणालो, “यस. यस.”

गोरा असो की जपानी, समोरच्यानं काही विचारलं की यस म्हणायचं, ही तीन वर्षांत लागलेली खोड. त्यानं आणखी काहीतरी विचारलं, मी मान हलवली. मग तो खूश झाला, आणि जवळ एक आडवा पडलेला झाडाचा बुंधा होता त्याच्यावर हातानं थापटून काहीतरी म्हणाला. मला वाटलं, घटकाभर टेक म्हणतोय. निघायच्या आधी माणसाला आपण बसवतो ना, तसं. मी टेकलो. तो जरा चक्रावल्यासारखा वाटला, पण तोही शेजारी बसला. वरून टेटची शिटी झाली तसा मी उठलो आणि स्ट्रेचरमागनं चालू लागलो. वळणावरून मागं बघितलं तर त्यानं हात वर केलेला होता.

इस्पितळ म्हणजे ताडपत्रीचे तंबू. मी तिथं पोचलो आणि त्याच संध्याकाळी हिवतापानं आडवा झालो. दाजी शेजारच्या खाटेवर. दोन दिवस मला शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तर खाटेशी कार्पोरल टेट उभा. दाढी वाढलेली, हातात टोपी.

तो काही म्हणाला. मला त्यातलं फक्त ‘क्लेम’ कळलं. त्या तंबूत आमच्यासारखाच सुटून आलेला पाटणकर म्हणून एक हवालदार होता. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पलटणीत यायच्या आधी शाळेवर मास्तर होता. टेटनं त्याला बोलावून घेतलं.

पाटणकर म्हणाले, “हिंदुराव, हे विचारतायत की तू परत का आला नाहीस.”

“कुठं परत?”

“चौकीवर. तू त्या शिपायाला सांगितलं होतंस म्हणे, आज येतो म्हणून.”

“मी कशाला येईन, हवालदारसाहेब? मी दाजींना घेऊन इकडं यायला निघालो होतो.”

पाटणकरांनी ते लगेच इंग्रजीत सांगितलं नाही. टेटकडं वळून त्यालाच काही विचारलं, आणि टेट खाली बघत बराच वेळ बोलला. पाटणकर मधूनमधून मला सांगत होते, आणि जसं सांगत गेले तसा त्यांचा आवाज बसत गेला.

आम्ही गेलो त्याच दुपारी चौकीला मागं सरकायचा हुकूम आला होता. जपानी पुढं येत होते. टेटनं सगळ्यांना मागच्या टेकाडावर नेलं. क्लेम म्हणाला, माझा इंडियन आज परत येणार आहे, त्याला काय माहीत आपण हललो ते? तो जुन्या वाटेनं सरळ ओढ्यावर येईल आणि जपान्यांच्या तोंडात सापडेल. टेट म्हणाला, तो कशाला येतोय, तो इस्पितळात गेला. क्लेम म्हणाला, मी दोनदा विचारलं, तो हो म्हणाला, बुंध्यावर बसूनसुद्धा दाखवलं त्यानं. मी तिथंच भेटणार म्हणून सांगितलंय. बाकीचे हसले, तुला शेंडी लावली म्हणाले. त्यावर तो चिडला. शेवटी टेटनं त्याला ओढ्यावर थांबायला चार वाजेपर्यंत सवड दिली.

चार वाजले तरी क्लेम टेकाडावर परतला नाही. पाचला गोळी ऐकू आली, एकच. सकाळी माणसं गेली तर तो बुंध्याशी होता. शत्रू ओढ्यापलीकडं, हे त्याला ठाऊक होतं. तरी पाठ ओढ्याकडं होती आणि तोंड वाटेकडं, ज्या वाटेनं मी येणार होतो तिकडं.

मी उठून बसलो. दाजी पडल्या पडल्या म्हणाले, “अरे, तू त्याला ‘येतो’ म्हणालास का?”

“हो.”

“देवा,” दाजी म्हणाले आणि भिंतीकडं वळावं तसे ताडपत्रीकडं वळले.

निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? लहानपणी मी एकदा म्हणालो होतो तर आईनं थोबाडीत दिली होती. शेताला निघा, बाजाराला निघा, लढाईला निघा, ‘येतो’च म्हणायचं. त्याचा अर्थ येतो असा असतो होय? पण ते त्या मेंढरं कातरणाऱ्याला कुणी सांगायचं? त्याच्या मुलखात आय कम म्हणजे मी येतो, आणि टुडे म्हणजे आज. त्यानं माझा शब्द धरला. मी तर काही दिलाच नव्हता.

टेट पाटणकरांना पुन्हा काही म्हणाला. पाटणकर मला म्हणाले, “यांना त्याच्या आईला पत्र लिहायचंय. पोरं म्हणतात, तो उगाच मेला, येणारच नव्हतं कुणी. हे विचारतात, खरं काय ते सांग. तू येणार होतास का?”

मी सगळं खरं सांगितलं, पाटणकरांना, मराठीत, रडत. म्हटलं, त्यांना सांगा, मी येणार नव्हतो. आपल्यात निघताना असं म्हणतात. ती नुसती बोलायची रीत आहे. चूक माझी आहे, त्याची नाही. वाटलं तर मला गोळी घाला म्हणावं.

पाटणकरांनी ऐकून घेतलं. मग टेटकडं वळून इंग्रजीत बोलले. मला वाटलं त्यापेक्षा ते फार थोडक्यात आटोपलं. टेटचा चेहरा मऊ पडला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, टोपी घातली आणि बाहेर गेला.

“तुम्ही काय सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं की तू येणार होतास. तापानं वाटेत पडलास.”

“हे मी म्हणालो नव्हतो.”

“नव्हतास,” पाटणकर म्हणाले. “पण ते पत्र एका आईच्या हातात पडणार आहे. तिनं काय वाचायचं? की इकडं एका मुलखात माणसं जाताना येतो म्हणतात, आणि त्यापायी तुझा पोरगा गेला? हे मला इंग्रजीत सांगता आलं नसतं, हिंदुराव. मराठीतसुद्धा येत नाही.”

आता पुढचं थोडं मी इथंच सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. दाजी वाचले. मी त्यांना आक्काच्या दारात नेऊन उभं केलं. त्यांना तीन लेकरं झाली, सत्तरीपर्यंत जगले आणि त्या गोष्टीबद्दल माझ्याशी कधी अवाक्षर बोलले नाहीत. मी घरातून निघतो तो न बोलता. बायको सुरुवातीला रडायची, म्हणायची, येतो म्हणा की, अपशकुन होतो. नाही म्हणत मी. गावात लोक मला तुसडा समजतात, समजू देत. दुपार कलायला लागली की मला घरात बसवत नाही. डोळ्यांपुढं तो पाठमोरा नसतो, हे लक्षात घ्या. तो माझ्याकडं तोंड करून बसलेला असतो, डोळ्यांत प्राण आणून, आणि त्याच्या मागनं ओढ्यातून कुणीतरी येत असतं. मी ओरडायला जातो आणि मला त्याच्या भाषेतला शब्द सुचत नाही. आता नातवंडं शाळेत इंग्रजी शिकतात. त्यांच्याकडून मी ते वाक्य नीट करून घेतलंय, मी येणार नव्हतो, असं. म्हणता येतं आता. ऐकायला कोण आहे?

पण त्या दिवशी ऐकायला टेट होता.

पाटणकरांशी माझी जुंपली. मी म्हणालो, माझं बोलणं तुम्ही परस्पर बदललंत, हे बरं केलं नाहीत. आणि अंगात ताप असताना तसाच अनवाणी उठलो आणि तंबूबाहेर गेलो. दाजी मागनं म्हणाले, “हिंदुराव, राहू दे,” पण मी थांबलो नाही. टेट जीपमध्ये बसत होता. मी बॉनेट धरलं, नाहीतर पडलो असतो. तो पुन्हा खाली उतरला.

माझ्याजवळ शब्द होते ते मोजकेच. मी ते मनात जुळवले. छातीवर हात ठेवला, म्हणजे मीच म्हणतोय हे कळावं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “आय नो कम.”

टेटनं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

“आय नो, मेट,” तो म्हणाला. “आय नो.”

त्याचा ‘नो’ वेगळा होता आणि माझा वेगळा. मला ठाऊक आहे, बाबा, तू आजारी होतास, असं तो म्हणत होता. हे मला फार वर्षांनी कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की त्यानं ऐकलं, त्याला समजलं, आणि तरीही तो रागावला नाही. माझं सगळं ओझं उतरलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला. मग तो जीपमध्ये बसला आणि पत्र लिहायला गेला.